चिपमधली राखीव जागा

"आज पाच वाजता चिपचं डिझाइन छापायला रवाना! अन् तुमचं पाळीवर बसनं कायमचं बंद, बाबूजी!"

भुपेंद्रनं सकाळीच छाती फुगवून बापाला सांगून टाकलं. नवेगाव बांधजवळच्या त्या गावात तलाव खोदणारं घराणं त्यांचंच, त्यामुळे पाणी राखायचं कामही पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडेच आलेलं. तलाव भरत आला की बापानं, जागेश्वरनं, दुखरे गुडघे सांभाळत पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसायचं आणि पाणी काठाला टेकलं की गावाला ओरडून उठवायचं. आता हे काम चिप करणार होती. ती पाणी मोजणार आणि वेळ आली की भोंगा वाजवणार!

भुपेंद्रकडे कारखाना नव्हता, जुना लॅपटॉप होता. पण जगभरच्या भल्या माणसांनी चिप बनवायची सॉफ्टवेअरं फुकट खुली करून ठेवली आहेत. चिपनं काय करायचं ते आपण लिहायचं. कुठला भाग कुठे बसवायचा, तारा कुठून न्यायच्या, हे सॉफ्टवेअर आपोआप ठरवतं. बऱ्याच जणांची डिझाइनं एकाच चिपवर छापली जातात, त्यात भुपेंद्रलाही केसाएवढा तुकडा मिळाला होता. पाणी मोजणं आणि भोंगा त्यानं स्वतः लिहिलं, पण मांडणीसाठी इंटरनेटवरून कुणाची तरी नमुना फाइल उचलली, नाव तेवढं बदललं आणि बटण दाबलं.

"जागा अपुरी," लॅपटॉप म्हणाला.

भुपेंद्रनं चिपचा नकाशा उघडला. रंगीत ठिपक्यांची दाटी झाली होती, पण मधोमध एक चौकोन रिकामा! तारा तिथपर्यंत येत होत्या आणि वळसा घालून पुढे जात होत्या, कुणी तिथे बसलंय आणि त्याला पाय लागू नये अशा.

त्यानं मांडणी बदलायला लावली. सगळे भाग हलले, चौकोन तिथेच. पुन्हा बदलली. तिथेच! सातव्या वेळेला त्यानं भोंग्याचा भाग स्वतःच्या हातानं त्या चौकोनात ठेवला. सॉफ्टवेअरनं तो मुकाट्यानं उचलून बाहेर काढला.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला. भर दुपारी गावात पाखराचाही आवाज नव्हता. अंधारलेल्या खोलीत लॅपटॉपचा पडदा तेवढा उजळलेला, आणि त्यात तो काळा चौकोन.

"बाबूजी! इकडं या जरा!"

जागेश्वर आला. बराच वेळ वाकून पाहत राहिला. मग हळूच त्यानं पायातली चप्पल काढली.

"काऊन, का झालं?" भुपेंद्रनं विचारलं.

"पाट असा वळसा कायले घेते, मालूम हाये? पाटाच्या वाटेत देवाचं ठान आलं तं आपले लोक पाट वळवत. ठानाले धक्का नाई लावत." त्याचा आवाज खाली गेला. "इथं कोनी तरी बसून हाये, भुपेन."

"बाबूजी, हे कॉम्प्युटर हाये!"

"मंग तूच सांग, कोन हाये थो?"

त्याची आई पुष्पाबाई दारात उभी होती. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि काही न विचारता नारळ आणायला गेली. कीबोर्डवर हळद पडली, पडद्याला कुंकू लागलं. इंजिनिअर झालेला भुपेंद्र हात जोडून उभा राहिला. खरं सांगायचं तर तो मनापासून घाबरला होता.

साडेचार वाजले. चौकोनाला हात लावायचा नाही, तर एखादा भाग काढणं भाग होतं. पाणी मोजणं काढलं तर चिप कशाला? शेवटी त्यानं भोंगा काढला. पुन्हा बटण दाबलं आणि सगळं एका दमात बसलं! पाचला पाच मिनिटं असताना डिझाइन रवाना झालं. पुष्पाबाईनं सगळ्या आळीला प्रसाद वाटला.

सहा वाजता तपासणाऱ्यांचा मेल आला. भुपेंद्रनं तो मोठ्यानं वाचायला घेतला, तिथेच चूक झाली.

"डिझाइन मंजूर. आता बदल शक्य नाही. एक कुतूहल आहे. मधली जागा तुम्ही रिकामी का ठेवलीत? नमुना फाइल लिहिणाऱ्यानं ती जागा आपल्या मांजरीचं चित्र कोरायला राखली होती. ती एक ओळ पुसली असती, तर आणखी बरंच काही मावलं असतं."

"मांजर?" जागेश्वरनं विचारलं.

"हो."

"अन् तिच्यासाठी तू भोंगा काढला?"

"तुमीच तं म्हनलं, कोनी तरी बसून हाये!"

जागेश्वरनं खुंटीवरची छत्री काढली, गुडघ्यावर हात टेकून उठला आणि दाराकडे निघाला.

"कुठं जाऊन राहिले, बाबूजी?"

"पाळीवर. पानी मोजाले तुही चिप येईन, पन बोंबलाले मीच लागन."

पायरी उतरता उतरता तो थांबला.

"मांजरीचं नाव का हाये, थे विचारून ठेव. तुही माय उद्या पूजेच्या वेळेले विचारन."