दुहेरी अस्तर

"या खोलीत आता धुळीचा एक कण शिरून दाखवू दे! पक्का बंदोबस्त केलाय मी!"

खोळमास्तरने कमरेवर हात ठेवून ही गर्जना केली, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि बाहेर ऊन कातडं सोलत होतं. चार वाजता त्याचे वडील दवाखान्यातून घरी यायचे होते.

सोफे, गाद्या, उशा यांच्या खोळी शिवणं हा त्याचा धंदा. आता धंदा दुकानात ठेवून घरी यावं, एवढी अक्कल माणसाला हवी की नको? टीव्हीला खोळ, मिक्सरला खोळ, रिमोटला खोळ. ज्या कपाटात खोळी ठेवायच्या, त्या कपाटालाही खोळ! शेगडी तेवढी वाचली होती. कारण बायकोने बजावलं होतं, "तिला हात लावलात तर तुम्हालाच खोळीत घालून तोंड शिवीन."

वडील म्हणजे अण्णा. चाळीस वर्षं कारखान्यात फोरमन. मुलाने पाना उचलला की ते डोळे मिटून घेत. आता त्यांची फुफ्फुसं थकली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "खोली गार हवी आणि धूळ अजिबात नको. उकाड्यात दम कोंडला, तर परत इथंच आणाल. आणि मग मी शब्द देणार नाही."

त्या वाक्याने खोळमास्तरची झोप उडाली होती. त्याने तळमजल्यावरची पुढची खोली रिकामी केली, घासली, नवा एसी बसवला. ऑक्सिजनचं मशीन कालच येऊन कोपऱ्यात उभं होतं. आता काय राहिलं? त्याने खोळीवरूनच रिमोटचं बटण दाबलं.

एसी घुमला. अर्धा तास झाला.

"अहो, वारा कुठं येतोय?" बायकोने हात वर धरून विचारलं.

"येईल! अजून खाली आणतो. सोळा!"

आणखी अर्धा तास गेला. एसीच्या फटीतून पांढरं काही चमकू लागलं.

"बघ! बर्फ! याला म्हणतात गारवा!"

"बर्फ दिसतोय खरा. मग मला घाम का फुटलाय?"

खोळमास्तरने फटीला नाक लावलं. वारा नावालाही नव्हता. आत बर्फाची भिंत, बाहेर भट्टी! अण्णा येणार, घुसमटणार, आणि डोळे मिटणार. या वेळी कायमचे! त्याने घाईघाईने आपली मोठी कात्री उचलली.

"खबरदार!" बायको ओरडली. "आत कात्री घालायला तो काय सोफा आहे? मी मेकॅनिकला फोन करते."

तेवढ्यात एसीतून आवाज आला. कड्!

दोघं गोठले. कड् कड्! हाड मोडावं तसा.

नेमके त्याच वेळी शेजारचे विमावाले दारात उगवले. या गृहस्थाला दुसऱ्याच्या घरातलं मरण दोन भिंतींपलीकडून ऐकू येतं.

"गॅस!" ते दारातूनच म्हणाले. "आत तुंबलाय. माझ्या एका ग्राहकाकडे अगदी हाच आवाज आला होता."

"मग? काय झालं त्यांचं?"

"त्यांचं काय सांगू!" विमावाल्यांनी उसासा टाकला. "फॉर्म मात्र व्यवस्थित भरलेला होता हो."

आणि बर्फाचा एक वीतभर तुकडा धाडकन अण्णांच्या पलंगावर कोसळला.

"फुटला!" खोळमास्तर जमिनीवर पालथा पडला. मग उठला, एका हाताने बायकोला आणि दुसऱ्याने मेन स्विच ओढत अंगणात पळाला. विमावाले त्याच्याही आधी पोहोचले होते! आजूबाजूची दारं उघडली. दहा-बारा माणसं उन्हात माना खाली घालून उभी राहिली.

आणि पावणेचारलाच गाडी आली. खोळमास्तरच्या थोरल्या बहिणीने अण्णांना धरून उतरवलं. अण्णांनी ती गर्दी पाहिली. रडकुंडीला आलेला मुलगा पाहिला.

"कोण गेलं?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"कुणी नाही, अण्णा!"

"मग माझी वाट बघताय होय?"

कुणी हसलं नाही. अण्णांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. आत न्यावं तर स्फोट, बाहेर ठेवावं तर ऊन. बापाला मारायचं कुठं, एवढंच काय ते त्याच्या हातात उरलं होतं!

तोच बायकोने अंगणातून फोन करून बोलावलेला मेकॅनिक आला. स्टूल घेऊन सरळ आत गेला. बाहेर सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. दोन मिनिटांनी तो परत आला, तेव्हा त्याच्या हातात फुलाफुलांचं, ओलं, जाडजूड काहीतरी लोंबत होतं.

"एसीच्या जाळीवर ही दुलई कुणी चढवली?"

"दुलई नाही," खोळमास्तर पुटपुटला. "खोळ आहे. दुहेरी अस्तराची. धूळ जाऊ नये म्हणून..."

"अहो, नाक आहे ते त्याचं! वरून हवा ओढतो तो. हवाच नाही, तर आतली नळी गोठणार नाही तर काय? नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. तुम्ही असं दाबलंत की त्याच्या तोंडाला बर्फ आला!"

अण्णांनी ती ओली खोळ हातात घेतली. शिवण उलटसुलट पाहिली.

"टाका सरळ आहे," अण्णा म्हणाले. "डोकं वाकडं."

मेकॅनिकने मेन स्विच लावला आणि एसीचा नुसता पंखा चालवून बर्फ वितळवला. बायकोने पलंग कोरडा केला. तोवर अण्णा विमावाल्यांच्या पंख्याखाली बसले आणि त्यांनी तीन फॉर्म नाकारले. अखेर खोली खरोखर गार झाली. अण्णा आडवे झाले. खोळमास्तरच्या डोळ्यांत पाणी आलं. वाचलो!

"आता जरा ते ऑक्सिजनचं मशीन लावा," अण्णा म्हणाले.

सगळ्यांनी कोपऱ्यात पाहिलं.

मशीन उभं होतं. तीच फुलं, तेच दुहेरी अस्तर. वरून खाली चारी बाजूंनी बंद. फटीतून धूळ शिरते म्हणून खोळीला बटणंसुद्धा नव्हती, थेट शिलाईच! नळीचं टोक तेवढं गोगलगाईच्या शिंगासारखं बाहेर.

मेकॅनिकने कपाळावर हात मारला. बायकोने कात्री पुढे केली. खोळमास्तर गुडघ्यांवर बसून आपलाच टाका उसवू लागला. टाका काही तुटेना. काम पक्कं होतं ना!

"सावकाश उसव रे," अण्णा डोळे मिटून म्हणाले. "मी तोवर श्वास धरून थांबतो."