डुक्करदादाने झोपेत जिंकलेलं युद्ध

एका जंगलात, बाळांनो, दर उन्हाळ्यात युद्ध व्हायचं. डोळे मोठे करू नका, पटावरचं युद्ध. पूर्वी खरंखुरं व्हायचं, पण त्यात शेपट्या तुटायच्या. म्हणून मग सपाट कातळावर कोळशाने नकाशा काढू लागले. नकाशात डुक्करदादा, कोल्हेसाहेब आणि अस्वलबाई यांची तीन राज्यं आणि सागरगोट्यांच्या फौजा.

जो जिंकेल त्याला उन्हाळाभर तळ्याकाठचा गार चिखल. त्या वर्षी डुक्करदादाला त्याची फार गरज होती. खाज सुटून सुटून बिचाऱ्याने अंग घासलं, तर झाडांच्या साली निघाल्या.

खेळ असा. आधी दोघादोघांनी करवंदीच्या जाळीमागे जाऊन कुजबुजायचं, वचनं द्यायची. मग प्रत्येकाने पळसाच्या पानाखाली काडी ठेवायची. काडीचं टोक जिकडे, तिकडे हल्ला; स्वतःकडे असेल, तर आपल्या राज्याची राखण. पानं सगळ्यांनी एकदम उचलायची. दोघं एकमेकांवरच चालून गेले, तर दोघांच्याही फौजा बाद. दिलेलं वचन पाळावं असा नियम मात्र नव्हता. मोठ्यांचे खेळ असेच असतात.

जाळीमागे डुक्करदादा कोल्हेसाहेबांना म्हणाला, "मी तुमच्या डोंगरावर येतोय."

कोल्हेसाहेब गालात हसले. हल्ला करणारा आधी सांगतो होय? याचा डोळा अस्वलबाईंच्या नदीवर असणार! त्यांनी डोंगर मोकळा सोडला. पानं उचलली. अर्धा डोंगर गेला.

दुसऱ्या फेरीला डुक्करदादा अस्वलबाईंना म्हणाला, "बाई, आता तुमच्या नदीवर येतो हं."

बाई धावत कोल्हेसाहेबांकडे. "अहो, तो खरं बोलतो!"

"मघाशी खरं बोलला ते आता थाप पचावी म्हणून," कोल्हेसाहेब म्हणाले. "परिस्थिती ओळखायला शिका, बाई."

बाईंनी परिस्थिती ओळखली. अर्धी नदी गेली.

तिसऱ्या फेरीला डुक्करदादाने भलीमोठी जांभई दिली. "मला झोप येतेय. मी काही हलत नाही आता." आणि नुसतंच पान ठेवून तो तिथेच आडवा झाला.

झाली का पंचाईत! कोल्हेसाहेबांना वाटलं, एवढा निवांत झोपतो म्हणजे याने बाईंशी आतून संधान बांधलंय. बाईंना वाटलं, कोल्ह्याशी बांधलंय. दोघं जाळीमागे गेले.

"तुमच्यावर हल्ला? मी? मोहाच्या फुलांची शपथ!" बाई म्हणाल्या.

"बहिणीवर हात उचलीन का मी?" कोल्हेसाहेबांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं.

पानं उचलली. दोघांच्या काड्या एकमेकांकडे! पटावर उरले फक्त डुक्करदादाचे सागरगोटे, आणि त्यांचा सेनापती घोरत होता.

त्याला गदागदा हलवलं. "अहो उठा, जिंकलात!"

"चिखल कुठाय?" त्याने विचारलं आणि तो सरळ तळ्याकडे चालू लागला. मला तर फार बरं वाटलं.

कोल्हेसाहेबांनी मग उन्हाळाभर त्याच तापलेल्या कातळावर व्याख्यानं दिली. विषय, 'शत्रूसमोर झोपण्याचे डावपेच'. अस्वलबाई पुढच्या रांगेत बसायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात तिघंही पटाशेजारी आडवे. दोघांचा एकेक डोळा उघडा होता. तिसऱ्याला खरंच झोप लागली होती.

तात्पर्य : नेहमी खरं बोलावं, बाळांनो. समोरचा हुशार असेल, तर खऱ्याइतकी बिनतोड थाप दुसरी नाही. तो अतिहुशार असेल, तर खुशाल झोपावं. जपून राहायचं ते फक्त मूर्खांपासून. ते मेले सांगितलेलं खरं मानतात.