बकारामकाकांच्या आंब्याचं लग्न

फाल्गुनात बकारामकाकांच्या वाडीवरून जायचं, तर मान खाली घालून जावं लागे. त्यांच्या सीताफळीची पानं तेव्हा गळून गेलेली असत. कोणी चुकून पाहिलंच, तर काका आतून ओरडत, "काऊन पाहून राहिले बे? तिच्या आंगावर पान नाही, दिसत नाही काय?" आश्विनात तिच्या फळांचे डोळे उघडले, की हेच काका आम्हाला हाताला धरून आत नेत. "आता पाहा पोटभर!"

आमच्या देवरी गावाला अजून मोटार यायची होती, त्या काळातली ही गोष्ट. काका आमचे शेजारी. थोडी धानाची शेती आणि घरात एकटा जीव. वाडीतला आंबा त्यांच्या बायकोनं, काशीकाकूंनी, माहेराहून कोय आणून लावला होता. दोघांनी मिळून तो वाढवला. पहिल्यांदा मोहोर आला आणि त्याच वर्षी काकू गेल्या.

आमच्याकडे रीत अशी, की आंब्याचं लग्न लावल्याशिवाय लावणाऱ्या घरानं त्याचं फळ चाखायचं नाही. त्यामुळे काकांना आपल्या आंब्याची चव ठाऊकच नव्हती. "काशी बोलली होती, साखरेवानी गोड निंघल," असं ते येईल त्याला सांगत. आम्ही पोरं खाली पडलेले आंबे खायचो. एका आंब्यात दात आंबायचे. पण काकांना हे सांगायचं कोणी?

पौषात मोहोर आला, की "पोरानं बाशिंग बांधलं" म्हणत काका खूश. बायका मग स्थळं सुचवत. चिंच कशी वाटते?

"चिकट हाय. नवी पालवी आली तरी जुन्या शेंगा सोडत नाही."

बोर?

"थंडीत सारी झाडं गुमान राहतात, हे तेव्हाच फळते. वरून काटे! माह्या पोराले सुखानं राहू देईल काय?"

मग जांभळी तरी?

"ते पिकते मिरगाच्या पाण्यासंग. तवरिक माहा पोरगा फळं देऊन मोकळा. दोघांची गाठ कवा पडन?"

वरबाप इतका चोखंदळ म्हटल्यावर लग्न कसलं जमतंय! शेवटी एका वैशाखात माझ्या आईनं त्यांना गाठलंच. "भाऊजी, खरं सांगा. चिंचेत काय खोट हाय?"

काका बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. "वयनी, नवरदेवाचे मायबाप म्हणून जोडपं बसा लागते. काशीबिगर मी एकटा कसा बसू?"

आईला भरून आलं. "आमी दोघं बसतो. पोरगा तुमचाच."

मग काय, चिंचेला हिरवं लुगडं नेसवलं, आंब्याला मुंडासं बांधलं. हळद लागली, अक्षता पडल्या, सगळं गाव जेवायला बसलं. बाबांनी पाडाचा एक आंबा उतरवून काकांच्या हातात ठेवला. पंगतीतल्या सगळ्यांचे हात थांबले. आंबट निघणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि काकूंचा शब्द खोटा ठरलेला काकांना सोसला नसता.

काकांनी आंबा तोंडाला लावला. डोळे गच्च मिटले. तोंड वाकडं झालं, तरी कोय पांढरी होईपर्यंत त्यांनी तो चोखला.

आईनं जवळ जाऊन हळूच विचारलं, "आंबट हाय ना, भाऊजी?"

"लई आंबट हाय." काकांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण काशीले सांगू नोका, वयनी. बिचारीनं मोठ्या आशेनं लावला होता."