घाटवाटेच्या रांजणाची हकीकत

श्री वाटांची धनीण प्रसन्न. शके सोळाशे एकाहत्तर, शुक्लनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी राज्यात डांगोरा पिटविला तो ऐसा: "घाटाच्या मक्त्याची मुदत न्याय्य असे. रांजण निम्मा भरला, निम्मा उरला. रयतेने धीर धरावा." डांगोरा उत्तम, परंतु बारा वर्षांमागे हीच अक्षरे ऐकिलेली माणसे हयात होती, आणि तेव्हाही रांजण निम्माच होता. नाक्याचे चिरे दोनदा बदलिले, तरी चाकोऱ्या वीतभर खोल जाहल्या. रांजणाच्या हिशेबी न आलेल्या गाड्यांनी इतका दगड खाल्ला, हे त्या राज्याचे नवल.

मुदतीची युक्ती सदोपंत न्यायाधीशांची. गुमानजी सावकाराने पदरच्या पैक्याने घाट बांधिला, मग त्याने जकात किती काळ घ्यावी हा प्रश्न पडला. पंतांनी विचार केला की वर्षे नेमिली आणि वाहतूक थोडी जाहली तर सावकार बुडेल, आणि फार जाहली तर रयत नागवेल. मग ठरविले की दर गाडीस एक खडा नाक्यावरील रांजणात पडावा, आणि रांजण काठोकाठ भरेल ते दिवशी वाट मोकळी. आणि खडे कोणी चोरू नयेत म्हणोन पंतांनी स्वहस्ते रांजणाची पूजा करून शपथ घातली की आत कोणी हात घालू नये, डोकावू नये. रांजण किती भरला हे गुमानजीने खड्याच्या आवाजास कान लावून सांगावे, तेच प्रमाण. आणि रयतेस वचन दिले की आपले हयातीत वाट मोकळी होईल.

तीस वर्षे लोटली, पंत ऐंशीस टेकले, आणि वचन उरावर घेऊन मरणे नको म्हणोन डोली करून नाक्यावर आले. धुके ऐसे की बैलाचे शिंग दिसे, बैल न दिसे. सोनाई मीठवाली गाडी थांबवून खडा टाकीत होती. ती बोलिली, "पंत, सासरे टाकून गेले, धनी टाकून गेले, आता मी टाकते. हा रांजण आहे का सरकारचं पोट?"

गुमानजी हसून म्हणाला, "बाई, युक्ती पंतांची आहे. आम्ही नुसते कान लावतो."

पंतांनीही कान लाविला होता. ते म्हणाले, "गुमानजी, खडा पडल्याचा आवाज का येत नाही?"

"धुके दाट आहे, पंत."

मग पंतांनी आपलीच शपथ मोडिली. डोईचे पागोटे उतरिले, टोकास दगड बांधिला आणि रांजणात सोडिले. कमरेएवढा रांजण, परंतु वीस हात गेले, तीस गेले, पागोटे सरले आणि तळ लागला नाही. आतून गार वारा येऊन पंतांच्या उघड्या डोईस लागला. सोनाई हळूच बोलिली, "ओढा वर, आजोबा. पुरे."

तात्पर्य, मुदत न्याय्य होती, माप न्याय्य होते, आणि मापास हात लावू नये हा नियम तर परम न्याय्य होता. गुमानजीची जबानी दफ्तरी आहे, ती अक्षरशः ऐसी:

"तळ आम्हीच फोडिला, पूजेच्या आदले दिवशी. खाली आड, म्हणजे विहीर, खोदावा लागला नाही, तो तेथे होताच. पंतांनी शपथ घातली तेव्हा आम्हास हसू आले. पुढे खोली पाहावी म्हणोन एकदा आम्हीही दोर सोडिला, तो खालून कोणी ओढून घेतला. कोणी, हे आम्ही विचारिले नाही. गाड्या येत होत्या."