गवत चाखणाऱ्या नाडकर्णीबाई

आमच्या मरोळच्या प्रयोगशाळेत गवताचा नमुना आला की नाडकर्णीबाई आधी त्यातली एक काडी तोंडात टाकायच्या. डोळे मिटून सावकाश चावायच्या आणि मग म्हणायच्या, "घ्या आता तपासायला." मी नवा असताना कारण विचारलं, तर म्हणाल्या, "अरे, खाणाऱ्याला तक्रार करता येत नाही. कुणीतरी चाखून बघायला नको?"

जनावरांच्या चाऱ्यात कस किती, हे शोधणं आमचं काम आणि बाई आमच्या मुख्य केमिस्ट. त्यांची पद्धत जुनी. नमुना आम्लात तासन्‌तास उकळायचा, निववायचा, मग थेंब थेंब सोडत प्रथिनं मोजायची. साहेबांनी घाई केली की बाई विचारायच्या, "म्हशीला घाई आहे का?"

एकदा गोरेगावचा एक तबेलेवाला रिपोर्ट न्यायला आला. त्याच्या म्हशींचं दूध आटलं होतं. चारा निकस होता, हे बाईंनी बिनचूक काढलं होतं. तो शांतपणे म्हणाला, "बाई, तुमचा कागद आला तोवर त्या गवताचं शेण झालं."

त्या दिवसापासून म्हशीच्या घाईचा विषय बंद झाला.

पुढे परदेशी मशीन आलं. वाळवलेल्या चाऱ्याची पूड ठेवायची, तिच्यावर प्रकाश पडायचा आणि चहा निवायच्या आत आकडा हातात. दोन्ही पद्धतींची तुलना साहेबांनी बाईंवरच सोपवली. मशीनची वाट लागली, असं आम्ही धरूनच चाललो.

बाईंनी प्रत्येक नमुना दोन्हीकडे तपासला. कडब्याचे आकडे झकास जुळले. मक्याच्या हिरव्या चाऱ्याला मात्र मशीन भलतंच काही सांगू लागलं. मी खूश झालो. बाई नाही झाल्या. चार दिवस खपून त्यांनी शोधलं, की आम्हीच मका अर्धवट वाळवत होतो. मग आपले जुने आकडे देऊन त्यांनी मशीनला शिकवून तयार केलं आणि रिपोर्टात लिहिलं, की रोजच्या कामाला मशीनच वापरावं. जुनी पद्धत अधूनमधून पडताळ्यापुरती.

मशीन सुरू झालं त्या संध्याकाळी पाचलाच सगळे पांगले. बाई पर्स मांडीवर घेऊन बसून होत्या. मी म्हटलं, निघायचं ना?

"आई गेल्यापासून मुलुंडच्या घरी घाईनं जाऊन करू काय?" त्या म्हणाल्या. "उकळतं भांडं टाकून उठता येत नाही. ते बरं होतं रे."

"मग रिपोर्टात तसं का लिहिलंत?"

"खरं होतं म्हणून."

मी भांडुपला, त्यांच्या वाटेवरच राहायचो. आमच्याकडे चहाला चला म्हटलं. त्यांनी विचारलं, बायकोला त्रास नाही ना होणार? मी सांगितलं, तिला यायला उशीर होतो, संध्याकाळचा चहा मीच करतो.

बाई लगेच उठल्या. "मग मी करीन," म्हणाल्या. "किती उकळायचं ते तुला कळत नाही."