शंभर टक्के निळं

"उजेड या विषयावर मला कोणी शिकवू नये!"

गोपाळकृष्ण बेहेरे हे वाक्य हडपसरच्या एका शोभेच्या माशांच्या दुकानात, काउंटरवर थाप मारून म्हणाले, आणि तिथेच सगळ्या घोटाळ्याची मुहूर्तमेढ रोवली गेली.

तसा त्यांचा हक्कच होता म्हणा. कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत त्यांनी चौतीस वर्षं भिंगं पुसली होती आणि दर जूनमध्ये नव्या मुलांना भिंतीवर इंद्रधनुष्य पाडून दाखवलं होतं. पण दुकानदार रंगरावांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी दिव्याच्या खोक्यावर टिचकी मारली.

"सर, दिवा ताकदीचा हाय. सुरुवातीला वीस टक्के ठेवा, मग रोज दोन-दोन टक्के वाढवा. प्रवाळ म्हंजे जिवंत जीव. एकदम उजेड सोसत न्हाई त्याला."

"अहो, माझं आयुष्य गेलंय उजेडात!"

"मग खोक्यावरचं वाचता येईल तुम्हाला," असं म्हणून रंगराव पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

गोपाळकृष्णांनी खोकं वाचलं नाही. त्यांना घाई होती. कर्वेनगरच्या घरी, दिवाणखान्यात, खाऱ्या पाण्याची तीन फुटी टाकी दोन वर्षांपासून उभी होती. तीत चार मासे होते आणि मुठीएवढं एक हिरवं प्रवाळ. नीरजाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, ते करंगळीएवढं असल्यापासून वाढवलं होतं. त्याची बोटं पाण्यात डुलायला लागली की त्या हातातलं काम सोडून बघत बसत. पण टाकीवरचा जुना दिवा पांढराफटक. त्यात तो समुद्र सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यासारखा दिसायचा! आणि गोपाळकृष्णांना हवं होतं निळं. आंबोळगडचं निळं!

एकोणचाळीस वर्षांपूर्वी प्राणिशास्त्राची सहल कोकणात, आंबोळगडला गेली होती. पदार्थविज्ञानाच्या माणसाचं तिथे काय काम? पण "सूक्ष्मदर्शक नाजूक आहे, माझ्याशिवाय कोणी उचलू नये" असं सांगून ते गाडीत चढले होते. खरं कारण त्याच गाडीत खिडकीपाशी बसलं होतं. प्राणिशास्त्र शिकवायला नव्यानेच लागलेल्या नीरजा केतकर. ओहोटी लागली, खडक उघडे पडले, आणि एका डबक्यापाशी उकिडव्या बसलेल्या नीरजाबाईंनी हाक मारली, "बेहेरे, इकडे या! पटकन!" पाण्यातल्या एका फुलासारख्या जीवाने त्यांचं बोट अलगद धरलं होतं. आणि पाणी? निळं! असं निळं गोपाळकृष्णांना पुन्हा कुठे दिसलं नाही. पुढच्या वैशाखात लग्न झालं.

आता नीरजाताईंचे गुडघे जिन्याशीसुद्धा भांडत. खडक तर संपलेच. तेव्हा बायकोला समुद्राकडे नेता येत नसेल, तर समुद्रच बायकोकडे आणायचा, असा गोपाळकृष्णांचा बेत होता.

त्या संध्याकाळी त्यांनी दिवा टांगला, मोबाइलवरचं बटण वीसवर आणलं, "वीस टक्क्यांत कसला समुद्र?" असं पुटपुटले, आणि सरळ शंभरवर नेलं.

सोफा निळा झाला. पडदे निळे झाले. त्यांचा धुवट लेंगा तर असा चमकायला लागला की स्वतःलाच दोन पावलं मागे सरावंसं वाटलं!

नीरजाताई चहा घेऊन आल्या. "अहो, परमिट रूम काढलीत की काय?"

"नीट बघ! आंबोळगड!"

त्यांनी टाकीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. "असं होय," म्हणाल्या आणि कप ठेवला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात सोसायटीचे अध्यक्ष बापूराव, आणि मागे वरच्या मजल्यावरची, खराडीला नोकरीला असलेली शेफाली. आज जिथे सोसायटीचं पार्किंग आहे तिथे कधीकाळी बापूरावांच्या वडिलांची ज्वारी डोलत असे. त्यामुळे सोसायटीत ते मालकाच्या रुबाबाने फिरत.

"सर, रस्त्यावरनं लोक इचारत्यात, इथं काय बार हाय का म्हणून!"

"बापूराव, आत तर या. हे प्रवाळ. पोवळ्याच्याच जातीतलं."

"पोवळं? मग मंगळाला चालतंय का?" असं म्हणत बापूराव मनापासून हसले. आणि नीरजाताई किंचाळल्या!

बापूरावांचे समोरचे चार दात गायब होते. बाकीचे चांदण्यासारखे चमकत होते आणि मधोमध काळंकुट्ट भगदाड! या वयातही आपण उसाची कांडी दातांनी सोलतो, असं ते सगळ्यांना सांगत.

"अहो, पडलात का कुठे? कापूस आणू?" नीरजाताईंनी धावत जाऊन ट्यूबलाइट लावली. दात जागच्या जागी! मालवली. पुन्हा भगदाड!

इथे गोपाळकृष्णांमधला प्रयोगशाळेतला माणूस जागा झाला. "अगं, सोपं आहे! अशा उजेडात खरे दात चमकतात, खोटे चमकत नाहीत. म्हणजे बापूराव, तुमचे पुढचे चार..."

ते थांबले, पण उशीर झाला होता. शेफालीने मघाशीच टाकीचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. "काका, सॉरी! मी फक्त फिश घेत होते, तुम्ही बॅकग्राउंडला आलात!"

बापूराव तोंडावर रुमाल धरून निघून गेले. गोपाळकृष्णांना वाटलं, आता नोटीस येणार. नोटीस आली नाही. दुसऱ्या दिवशी बापूराव स्वतःच आले, आणि बरोबर तिसऱ्या मजल्यावरचे सहा जण! सोसायटीत खोट्या दातांचे आपण एकटेच आहोत का, हे त्यांना शोधायचं होतं. "समुद्र बघा, समुद्र! हसा की जरा!" पाच दिवस सकाळ-संध्याकाळ माणसांची रीघ लागली. माशांकडे कोणी ढुंकून बघेना. खजिनदारांचे दोन निघाले. ज्येष्ठ नागरिक संघाच्या उपाध्यक्षांचे अख्खे निघाले! बापूराव रोज थोडे थोडे खुलत गेले. दिवा मात्र सकाळपासून शंभरावर.

सहाव्या दिवशी नीरजाताईंनी हाक मारली. हाकेतच काहीतरी होतं. गोपाळकृष्ण धावले. प्रवाळाने सगळी बोटं आत ओढून घेतली होती, आणि हिरवा रंग उडून ते कागदासारखं फिकं पडलं होतं. नीरजाताई रागावल्या नाहीत. काचेला बोट लावून नुसत्या उभ्या राहिल्या. ते फार वाईट होतं.

गोपाळकृष्णांनी रंगरावांना फोन लावला.

"किती टक्के ठेवला?"

"शंभर."

पलीकडे कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. "वीसवर आणा. दिवसाला सहा तास, जास्त न्हाई. आन प्रवाळाला हात लावू नका. बोटं काढली की मग रोज दोन-दोन टक्के. जगंल बहुतेक."

दारावर 'दर्शन बंद' अशी पाटी लागली. गोपाळकृष्ण स्टूल घेऊन टाकीसमोर बसू लागले. जेवणावरून त्यांचं लक्ष उडालं. दहाव्या दिवशी, दुपारच्या चहाला, प्रवाळाने एक बोट बाहेर काढलं. एकच!

"नीरजा! इकडे ये! पटकन!"

त्या आल्या, शेजारी बसल्या. गोपाळकृष्ण काचेकडे बघतच म्हणाले, "तुला आंबोळगडचं ते निळं पाणी द्यायचं होतं गं."

"निळं कसलं? गढूळ होतं. वर शेवाळ तरंगत होतं."

"या डोळ्यांनी पाहिलंय मी!"

"कुठल्या डोळ्यांनी? चष्मा खिशात होता तुमचा. मी समोर आले की काढून ठेवायचात."

एकोणचाळीस वर्षं त्यांना वाटत होतं, हे कोणाला माहीत नाही! "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"चष्म्याशिवाय, खडकांवरून ठेचकाळत आला होतात. मी हाक मारली म्हणून. बोलायचं काय त्यात?"

मग त्याच म्हणाल्या, "एकदा जाऊन बघून येऊ या का? मी वाळूत खुर्ची टाकून बसेन. तुम्ही डबक्यापाशी जा. चष्मा लावून."

गोपाळकृष्ण उठलेच! माळ्यावरची बॅग निघाली. गाडीची चौकशी झाली. राहता राहिला प्रश्न, चार दिवस प्रवाळाचे रोजचे दोन टक्के कोण वाढवणार? बापूराव आनंदाने पुढे झाले.

"बिनघोर जावा सर! दोन-दोन टक्क्यांसाठी रोज कशाला यायचं? पहिल्याच दिवशी शंभर करून टाकतो की!"

बॅग परत माळ्यावर गेली.