डब्यातल्या कुस्तीचा निकाल

सूनबाईनं कागद पुढ्यात टाकला आणि म्हणाली, "मामा, रोज तोंडानं सांगता त्यापेक्षा एकदा लिहून टाका, म्हणजे घर तरी शांत होईल." मी चौथीत शाळा सोडली ती लिहायच्या कंटाळ्यानं, आणि आता म्हातारपणी ही मला लिहायला बसवते. सांगण्यासारखं आहे तरी काय? आमच्या टीव्हीच्या रेकॉर्डिंगच्या डब्यात जागा संपली होती, त्यामुळं आतल्या पैलवानांना पडायला जागा नव्हती, आणि कुस्ती वर्षभर अडून राहिली होती. एवढंच. ज्यांच्या घरी डबा आहे त्यांना हे माहीत असणारच.

डबा दिला आमच्या व्याह्यांनी. शहाजीराव निकम, राहणार पळसखोरी. नातवाच्या बारशाला आहेर म्हणून आणला. सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "यात काहीही साठवा, व्याही, तुमचं डोकं सोडून." मी तेव्हा गप्प बसलो, कारण जेवण त्यांच्याकडचं होतं.

आमच्या खोतवाडीच्या जत्रेला कुस्त्यांचा फड असतो. त्या वर्षी शेवटची कुस्ती आमच्या तालमीच्या बिरूची आणि पळसखोरीच्या रणजितची. बिरूला मी लहानपणापासून तयार केलेला. मी आणि व्याही पहिल्या रांगेत फेटे बांधून शेजारी शेजारी बसलो होतो. केबलवाला कुस्ती दाखवत होता आणि घरी डबा ती साठवत होता. अंधार पडला, पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली, माणसं घरी गेली. संपलं.

पण व्याह्यांच्या मनात संपलं नाही. ते गावोगाव सांगत सुटले की रणजितनं ढाकेचा डाव बांधलाच होता, तेवढ्यात खोतवाडीच्या वस्तादानं पंचाच्या कानात सांगून बरोबरी घडवून आणली. वस्ताद म्हणजे मी. तेव्हापासून तालुक्यातल्या एकाही फडावर मला पंच म्हणून बोलावणं आलं नाही. माझ्याकडं ना बागायत, ना पेन्शन. मातीतला शब्द तेवढा होता, तो गेला.

मी म्हटलं, थांबा, डब्यात बघू. कुस्ती लावली. दोघं पैलवान मानेला मान लावून उभे, आणि तिथंच अडकलेले. आखाड्यात सूनबाईच्या मालिकेतली साखरपुड्याची माणसं बसली होती. सतरंज्या तांबड्या मातीवर टाकलेल्या. एका बाजूला पाककृती सांगणाऱ्या बाईंनी शेगड्या मांडलेल्या. भजनी मंडळ हलगीवाल्यांच्या मांडीवर. फडाचा निवेदक माईकवर म्हणाला, "खोतवाडीचे वस्ताद टीव्हीसमोर आलेले आहेत, त्यांचं फडाच्या वतीनं स्वागत. वस्ताद, जागेची अडचण आहे. माणूस चीत करायचा तर त्याची पाठ टेकायला जागा पाहिजे. सध्या पाठीएवढी जागा शिल्लक नाही."

"मग ही साखरपुड्याची माणसं उठवा."

"त्यांचं म्हणणं, ती आधी आलीत."

मालिकेतले आजोबा उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "वस्ताद, नवऱ्या मुलाची आत्या रुसून बसली आहे. ती उठेपर्यंत आम्हाला हलता येत नाही."

मी सूनबाईला सांगितलं, मालिका पुसून टाक. ती लाटणं घेऊनच बाहेर आली. "मामा, जमत आलेलं लग्न मोडायचं? तुमची कुस्ती पुसा की." तिचं नाव वैजयंता, पण निकमांची मुलगी आहे हे नाव न विचारता कळतं.

असं वर्ष गेलं. व्याही सणासुदीला यायचे, टीव्हीसमोर बसायचे आणि आम्ही भांडायचो. आमची भांडणं आतली माणसं ऐकत होती. आत पहिल्या रांगेत एक मी होतो आणि एक व्याही होते, हे सांगायचं राहिलं. ते दोघंही आमचं ऐकून ऐकून भांडायला लागले. आमची भांडणं सणापुरती तरी असायची. ते तर कोपराला कोपर लावून बसलेले, सुटका नाही.

शेवटी सूनबाईच वैतागून म्हणाली, "मामा, इलाहीभाईंना बोलवा आणि मोठी डिस्क बसवून घ्या. आमचंही लग्न लागेल आणि तुमचंही कोण पडायचं ते पडेल."

इलाही मोमीन विट्याला स्टँडामागं कंप्युटर दुरुस्त करतो. त्यानं डब्याला कान लावला आणि म्हणाला, "वस्ताद, फार दाटी झालीय. कुणीतरी सारखं 'सरक सरक' म्हणतंय."

"ते आमचे व्याही."

"मोठी घालू. दूध डेअरीच्या कंप्युटरला घातली तसली. तिथं म्हशींची नोंद इतकी दाटली होती की म्हशी बसेनात. मोठी डिस्क घातली, म्हशी बसल्या, रवंथ केला, दूध वाढलं. चेअरमननं मला नारळ दिला."

व्याह्यांना साक्षीला बोलावलं. ते लगेच आले, कारण जागा मिळाली की रणजित ढाक मारणार याची त्यांना खात्री होती. शर्त ठरली. ज्याचा पैलवान पडेल त्यानं दुसऱ्याच्या डोक्याला चार माणसांत फेटा बांधायचा आणि "चुकलो" म्हणायचं. व्याही म्हणाले, "फेटा आणताना घोळ नको, मला कोणता रंग आवडतो ते आत्ताच ध्यानात ठेवा." इलाहीनं हसू दाबलं. मी ते बघितलं.

इलाहीनं जुनी आणि नवी डिस्क बरोबर आणलेल्या कंप्युटरला शेजारी शेजारी जोडली. मध्ये वायर. माणसांनी एका घरातून दुसऱ्या घरात जायचं, एवढाच प्रकार. पण पडद्यावर बघतो तर कुणी जागचं हलेना. आजोबा म्हणाले, "नवी जागा आहे. दूध उतू गेल्याशिवाय आत पाय कसा टाकायचा?"

त्यांचं म्हणणं रास्त होतं. पाककृतीच्या बाईंनी शेगडी पेटवून दूध ठेवलं. इलाही घाबरून ओरडला, "बाई, थोडंच जाऊ द्या! वायरीपासून लांब!" दूध उतू गेलं, डिस्कच्या खालून टेबलावर आलं, सूनबाईनं फडक्यानं पुसलं. त्या दुधाला वेलदोड्याचा वास होता. मग एकेकजण निघाले. भजनी मंडळ गात गेलं. आत्याबाईंना नवीन जागेत खिडकीजवळ बसवायचं कबूल केल्यावर त्याही उठल्या. पैलवानांची पकड सुटली असती तर कुस्ती नव्यानं धरावी लागली असती, म्हणून साखरपुड्याच्या पाहुण्यांनी दोघांना आहे तसं उचललं आणि कपाट न्यावं तसं तिरकं करून नेलं. निवेदक मागून ओरडत होता, "मानेकडनं धरा, मानेकडनं!"

सगळे गेले. जुन्या डिस्कवर एकच माणूस राहिला, फेटा बांधून, हाताची घडी घालून. मी.

इलाही म्हणाला, "वस्ताद, हा एक येत नाही. हा आल्याशिवाय डबा बंद करता येत नाही."

मी वाकून विचारलं, "का रं, उठत का नाहीस?"

आतला मी म्हणाला, "मला अक्षत कुणी दिली?"

व्याही असे हसले की सोफ्यावर आडवे झाले. "दौलतराव व्याही, बघा! लग्न असो, वास्तुशांत असो, आम्ही दरवेळी काय सोसतो ते बघा एकदा!"

मी आतल्याला सांगितलं, "अरे, घरच्या माणसाला कसली अक्षत? तू म्हणजे मीच की."

"मग तुला तरी कळायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "रीतसर बोलावल्याशिवाय मी कुणाच्या दारात पाय टाकत नाही."

हे खरं आहे. सख्ख्या मेहुण्याच्या लग्नात मी याच कारणावरून एसटी स्टँडावर बसून राहिलो होतो, आणि त्यात माझं काही चुकलं नव्हतं. पण समोरून बघताना माणूस फार हट्टी दिसतो. सूनबाई आतून कुंकवात भिजवलेले तांदूळ घेऊन आली आणि माझ्या हातावर ठेवले. म्हणाली, "मामा, द्या. फडावर परत जायचंय ना?"

मी डिस्कसमोर वाकलो, अक्षत ठेवली आणि म्हणालो, "वस्ताद, आमच्याकडं वास्तुशांत आहे. आपण यायचं करावं."

"सहकुटुंब?"

"सहकुटुंब."

मग तो उठला. धोतर झटकलं आणि गेला. जाताना आभारसुद्धा मानले नाहीत.

डबा लावला. काय जागा होती म्हणून सांगू! आखाड्याची माती नजर पोचेपर्यंत पसरलेली. साखरपुडा पार लांब, मांडव घालून. शेगड्यांना वेगळं स्वयंपाकघर. सूनबाई टीव्हीला नाक लावून म्हणाली, "मामा, आत्याबाई हसतायत!"

निवेदक म्हणाला, "आता जागेची तक्रार चालणार नाही. हलगी!"

हलगी कडाडली. रणजितनं ढाक मारायला कंबर फिरवली. व्याही सोफ्यावरून उठले, "गेला, गेला!" पण वर्षभर ज्या डावाची वाट बघितली, तो डाव त्या पोराला घाईत आवरला नाही. बिरू त्याच क्षणी खाली बसला, रणजितला दोन्ही खांद्यांवर आडवा घेतला आणि उठला. कलाजंग. मीच शिकवलेली. नवी डिस्क एवढी मोठी, की रणजितची पाठ टेकलेली दिसली आणि आवाज नंतर आला.

पंचांनी बिरूचा हात वर केला. आतले व्याही उठले. सगळ्या फडासमोर त्यांनी आपल्या डोक्याचा फेटा सोडला, आतल्या माझ्या डोक्याला बांधला आणि माईक मागून घेतला. म्हणाले, "मी वर्षभर या माणसाच्या शेजारी बसलोय. यानं पंचाच्या कानात काही सांगितलेलं नाही, सांगायला जागाच नव्हती. मी चुकलो." दोघांनी मिठी मारली. भजनी मंडळानं गजर केला. आतला मी रडला. मी नाही.

मी इकडं बाहेरच्या व्याह्यांकडं बघितलं. ते चप्पल शोधत होते.

"शहाजीराव, फेटा?"

"कसला फेटा? डबा माझा होता तोवर कुस्ती बरोबरीत होती. डिस्क तुमची आली आणि तुमचा पैलवान जिंकला. माती तुमच्या घरची झाली की!"

"तुम्ही स्वतः माईकवर बोललात."

"तो आतला बोलला. तो वर्षापूर्वीचा मी. तेव्हा मी फार भोळा होतो."

सूनबाई दारात आडवी उभी राहिली. "आण्णा, म्हणून टाका की एकदा."

"तू कुणाची मुलगी आहेस?" असं म्हणून ते गेले. एक चप्पल माझी घालून.

पुढचं बरंच झालं. इलाहीनं विट्यात सगळ्यांना सांगितलं, आणि निवेदकानंही डब्यातून रोज सांगायचा सपाटा लावला. ज्यांच्या डब्यात तो आहे त्यांनी ऐकलं. यंदा मला तीन गावांच्या फडांवर पंच म्हणून बोलावणं आलं, रीतसर, नारळ आणि अक्षत देऊन. साखरपुडा उरकला. बुंदी बरी होती, सूनबाईनं डब्याखाली ताट धरलं होतं.

आतले आम्ही दोघं आता एकत्रच राहतो. मोकळी जागा पडून होती, तिथं व्याह्यांनी मिरची लावली आणि मी तालीम काढली. संध्याकाळी टीव्ही लावला की दोघं बांधावर बसलेले दिसतात, एकमेकांना तंबाखू मळून देतात. आतल्या माझ्या डोक्याला अजून तोच फेटा आहे. झोपताना तरी काढ म्हटलं, तर म्हणाला, "तुला मिळाला की तू काढ."

दिवाळीला बाहेरचे व्याही आले होते. आतल्या व्याह्यांनी त्यांना हाक मारून सांगितलं, "शहाजी, म्हणून बघ. काही जड जात नाही." तर हे म्हणाले, "तुम्ही आतले, आतलं बघा," आणि चकल्या खाऊन गेले.

त्यामुळं आतल्या मला माफी मिळाली, मला अजून नाही. फेटा मी घरातलाच देईन, धुऊन इस्त्री करून ठेवलाय, केशरी आहे. फक्त बांधायला यायचं आहे. कुणी यायचं ते लिहून टाकतो, म्हणजे गावात घोळ नको: शहाजीराव गणपतराव निकम, पळसखोरी.